रात्रीच्या विजेचा हिशेब

मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग यांस,



चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. तिथून पडघ्याला गेलेली सुमारे साडेसातशे किलोमीटरची वाहिनी १९९९पासून १,५०० मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या वेशीवर नेऊ शकते. त्याच पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महाप्याला, डेटा सेंटर वाढत आहेत. त्यांना दुपारी जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच मध्यरात्री. दुसरीकडे, २०२९-३०पर्यंत अपारंपरिक विजेचा वाटा ४३.३३ टक्क्यांवर नेण्याचे केंद्राचे बंधन आहे. ते योग्यच आहे. खोट मोजमापात आहे. पूर्तता वर्षाच्या बेरजेवर ठरते, म्हणून दुपारची सौर वीज खरेदी केली की कागदावर रात्रही हिरवी होते. प्रत्यक्षात त्या रात्री बॉयलर चंद्रपुरात पेटलेले असतात. २००९च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळवून देशातल्या अतिप्रदूषित ठिकाणांत गेलेल्या चंद्रपुरात.

जाळे एकच, त्यात कोणते युनिट कुठून आले हे सांगता येत नाही, असे म्हटले जाईल. मान्य. पण कोणत्या पंधरा मिनिटांत किती सौर वीज जाळ्यात आली, हे भार प्रेषण केंद्राला ठाऊक असते. ग्राहकाच्या वापराशी ते ताडून पाहणे अवघड नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मोजमापाच्या अटी कडक केल्या तर डेटा सेंटरचा उद्योग परराज्यात जाईल, मग शेतीपंपांच्या सवलतीचा भार कोण उचलणार? मात्र समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार मुंबईत आहेत. ते काही हलत नाहीत. शिवाय स्वतःच्या प्रकल्पातून वीज घेणाऱ्याला, शेतीपंपांच्या सवलतीला हातभार लावणारा परस्पर-अनुदान अधिभार कायद्यानेच माफ आहे, तेव्हा या सवलतीचा आधार आताच सुटू लागला आहे.

यात दक्षिण गडचिरोलीतल्या अहेरीचा काय संबंध? असा पंधरा मिनिटांचा हिशेब लागला की रात्रीसाठी साठवण उभारावीच लागेल, आणि ती कुठे, हा प्रश्न येईल. अहेरी, एटापल्ली, भामरागडला तुटवडा विजेचा नाही, भरवशाच्या वाहिनीचा आहे. पावसाळ्यात जंगलात तारेवर झाड पडले की गावे अंधारात. मोठा सौर प्रकल्प इथे आणायचा तर सागवान तोडावे लागेल, ते नकोच. बॅटरीला उपकेंद्राचे आवार पुरते. ती दुपारी भरेल, संध्याकाळी जाळ्याला वीज देईल आणि तार तुटली तर दवाखाना, नळयोजना, आश्रमशाळा चालवेल. या बॅटरीचा खर्च ग्राहकसंख्येने भागाल तर जंगलातला तालुका कायमच महाग ठरेल. मग चंद्रपूरच्या राखेचा खर्चही कुठेतरी मांडा.

म्हणून विनंत्या तीन. मोठ्या डेटा सेंटरची हरित वीज पंधरा मिनिटांच्या हिशेबाने मोजावी, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या साठवणीचा ठरावीक वाटा दक्षिण गडचिरोलीच्या उपकेंद्रांत ठेवावा. विदर्भाच्या जाहीर सुनावण्या नागपूर-अमरावतीला होत आल्या आहेत. या विषयावरची अहेरीला घ्यावी.

आपला,
एक वीजग्राहक, अहेरी