मेगापिक्सेलच्या पलीकडे

नवा मोबाइल म्हटला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, कॅमेरा किती मेगापिक्सेल? फोटो जितका शार्प, तितका फोन भारी! माझं हे गणित परवा तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर एका मित्रानं पार उलटवलं.

हा पठ्ठ्या उपग्रहचित्रांवर काम करतो. म्हणाला, "लेझरचं रडार ऐकलंस का बे?" सूत्र सोपं आहे. लहर छोटी किंवा अँटेना मोठा, की तपशील बारीक. पण किलोमीटरभर लांब अँटेना आकाशात नेणार कोण? म्हणून विमान किंवा उपग्रह पुढे सरकताना परतणाऱ्या लहरी टिपत जातो, आणि कॉम्प्युटर त्या जोडून जणू एकच लांबलचक अँटेना तयार करतो. हेच सिंथेटिक अपर्चर. यात रेडिओलहरींऐवजी लेझर वापरला, की लहर येते जेमतेम दीड मायक्रॉनवर. अमेरिकेतल्या अशा विमानप्रयोगाची माहिती २०११ मध्ये जाहीर झाली. १.६ किलोमीटरवरून काही सेंटिमीटरचा तपशील!

"सॉल्लिड! मग आपल्याकडेही हेच आणा ना."

"अन् पावसाळ्यात ढगांचं काय करशील?"

मी गप्प. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी थेट वस्तीत. आणि मावशीचा फोन, "अरे, पाणी दिवाणाला लागलं ना रे!"

लेझर ढगात अडकतो. रडारची लांब लहर मात्र आरपार जाते, रात्रीसुद्धा. ३० जुलै २०२५ ला झेपावलेल्या इस्रो-नासाच्या 'निसार'ची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, लेझरच्या दीड लाख पटींहून मोठी! तिला मावशीचा दिवाण दिसणार नाही. पण शेतात तुंबलेलं संथ पाणी तिच्या चित्रात काळंभोर उमटतं.

त्या पहाटे 'निसार' असता, तरी मावशीला उपयोग नव्हता. तो एका जागेवर बारा दिवसांत दोनदा येतो, पाणी काही तासांत येऊन गेलं. पण पाणी दर पावसाळ्यात कुठे साचतं, जमीन कुठे खचते, हे अशा चित्रांतूनच कळत जातं. आणि उपग्रहचित्रांवरून नकाशे करणारं राज्याचं केंद्र, 'एमआरसॅक', आपल्याच व्हीएनआयटीच्या आवारात आहे, अंबाझरीपासून जवळच.

मोबाइल घेताना मेगापिक्सेल मी विचारणारच, बॉस. फ्लॅट घेताना मात्र पहिला प्रश्न बदललाय, पावसाळ्यात इथं पाणी कुठवर येतं?