वासराला लस, बाईला काय?

मैत्रिणींनो, ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत मेलेली माणसे मोजली, पडलेली घरे मोजली. पण गोठ्यातून बाईच्या अंगात शिरणारा ताप कोण मोजणार?

ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग. यात गाय-म्हैस गाभडते. मग ती घाण, ती वार उचलायची कोणी? बाईने. धार काढायची कोणी? बाईनेच. जंतू हाताच्या जखमेतून, न उकळलेल्या दुधातून माणसात येतात. ताप चढतो-उतरतो, घाम फुटतो, सांधे ठणकतात. गरोदर बाईचा गर्भही पडू शकतो, आणि दोष तिच्याच कपाळी! दुखणे अंगावर काढले तर बरे, झोपून राहिली तर कामचुकार. रक्तच तपासायचे नाही आणि वर रोग ‘दुर्मीळ’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

२०१९पासून सरकारी कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना याची लस देतात. जरूर द्यावी. माणसांसाठी मात्र लस नाही. औषध आहे, तेही सहा आठवडे घ्यावे लागते. निदानाशिवाय ते मिळणार कसे?

म्हणून ग्रामसभेत ठणकावून मागू या: जनावर गाभडले की त्या घरच्या बाईचेही रक्त तपासा, आणि फुकट तपासा!