शिकवणाऱ्यांनाही शिकवायला हवे

कर्नाटकातल्या काळी नदीवरच्या धरणात जुने सुपा गाव गेले आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. पण आजही इथल्या वाड्यांवरचा गंभीर रुग्ण दांडेली, कारवार किंवा बेळगावला न्यावा लागतो. तिथे वॉर्डात रात्रंदिवस त्याच्या उशाशी असते ती परिचारिका. आणि ती घडते वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या, म्हणजे क्लिनिकल इन्स्ट्रक्टरच्या नजरेखाली.

विद्यार्थिनी पहिल्यांदा सलाईनची सुई लावते, तेव्हा शेजारी उभ्या शिक्षिकेला रुग्णाची वेदना जपायची असते, मुलीचा धीर टिकवायचा असतो आणि तिला कधी थांबवायचे हेही क्षणात ठरवायचे असते. नंतर चूक समजावायची ती रुग्णासमोर नव्हे, बाजूला घेऊन. हे कसब नुसत्या नोकरीच्या वर्षांनी येत नाही. निष्णात परिचारिकाही अनोळखी कामात नवशिकी ठरते, हे नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ सालीच मांडले होते. शिकवणे हे असेच वेगळे काम आहे.

१९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी मराठी मुलींसाठी परिचारिकेच्या पेशाची वाट खुली केली. ती रुंद करणे आता आपल्या हाती आहे. नव्या इन्स्ट्रक्टरला वॉर्डात पाठवण्यापूर्वी अध्यापनाचे प्रशिक्षण द्या, पहिले वर्षभर अनुभवी शिक्षिकेची सोबत द्या, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर नव्हे, वॉर्डात पाळा. नर्सिंग महाविद्यालयांच्या चालकांना आमचे एवढेच कळकळीचे सांगणे आहे.