ठोक्यांचे बळ

कारंजा-वाशिमकडील घरांतला आजीचा तांब्याचा हंडा मोडीत घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पुण्याच्या तांबट आळीत अशा भांड्यांचे मठारकाम आजही चालते. तांबे सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. हातोडीच्या ठोक्यांनी कणांतील अणूंचे थर घसरतात, परस्परांत अडकतात आणि पत्रा कठीण होतो. तो तडकू नये म्हणून कारागीर मधूनमधून तापवतो. तेव्हा नवे, मऊ कण तयार होतात. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रिजमन यांनी १९३५ मध्ये प्रचंड दाबाखाली धातू पिळण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज याच मार्गाने कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक होतात. कणांच्या सीमा वाढल्याने थरांची घसरण अडते. धातू बळकट होतो. मोडीत वजनाचे मोल मिळते. भांडे वितळले की ठोक्यांनी आलेले बळ उरत नाही.