सांताच्या घराचा बर्फ आणि स्क्रूजचा कोळसा

1/ हवामानबदलाचा संदेश देणाऱ्या नाताळच्या अद्भुतकथांचा एक साचा ठरून गेला आहे. उत्तर ध्रुवावरचे सांताचे घर वितळू लागते आणि एखादे मूल जादूच्या बळावर ते वाचवते.

2/ या कथांमधील बर्फालाही इतिहास आहे. सांताचे ध्रुवावरील गाव थॉमस नास्ट यांच्या 1866 मधील चित्रात आले. त्याआधीचा हिमाच्छादित नाताळ चार्ल्स डिकन्स यांचा. त्यांचे बालपण इंग्लंडच्या अतिशीत दशकात गेले. ते दोन वर्षांचे होण्याच्या बेतात असताना, 1814 मध्ये, गोठलेल्या थेम्स नदीवर अखेरची हिमजत्रा भरली.

3/ डिकन्स यांच्या 1843 मधील 'अ ख्रिसमस कॅरल'मध्येही जादू आहे. पण तिथली भुते संकट मिटवत नाहीत. ती स्क्रूजला त्याच्या कृपणतेचे परिणाम दाखवतात. कोळशाची पेटी त्याच्याच खोलीत असते, कारकून मात्र कुडकुडत राहतो. अखेर बदलावे लागते ते स्क्रूजला. आजारी टिमवर कोणताही भार पडत नाही.

4/ कोळसा कोणी जाळला हे न सांगता बर्फ राखण्याचे काम मुलांवर सोपवणारी कथा इतिहासाशी प्रामाणिक नाही. जादू अवश्य असावी. तिने मोठ्यांना जागे करावे.