गोल्फ क्लबचे कुंपण

नाशकातील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. साहेब गेला, त्याच्या काठ्याही गेल्या. नाव तेवढे जिभेवर राहिले. कलेक्टर जॅक्सनवर १९०९ साली गोळ्या झाडून १९१० साली ठाण्यात फासावर गेलेल्या तरुणाचे नाव साहेबांच्या क्रीडांगणाला मिळावे, हा इतिहासाने उगवलेला गोड सूडच म्हणावयाचा! आता तेथे पोरे क्रिकेट खेळतात, पहाटे म्हातारी माणसे फिरतात, मोर्चेही निघतात.

गोल्फचे वकील म्हणतात, मैदानाची आखणी ही कला आहे. तिच्याकडे वर्गीय दृष्टीने पाहू नये. कला आहे, हे मान्य. अलिस्टर मॅकेंझी हा त्या कलेचा आचार्य. मूळचा शल्यविशारद. बोअर युद्धात शेतकरी लढवय्ये जमिनीच्या चढउतारांत कसे दडतात, हे त्याने पाहिले आणि ती विद्या मैदानांना लावली. माणसाची करणी निसर्गाचीच वाटावी, खर्च बेताचा असावा, नवशिक्यालाही खेळाचा आनंद मिळावा, असे त्याने १९२० सालच्या आपल्या पुस्तकात मांडले. यातील एका अक्षरावरही समाजवाद्यांचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

आक्षेप आहे तो कुंपणावर. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे त्याचे गाजलेले मैदान १९३३ साली खुले झाले. खुले कोणाला? पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली आला, स्त्रिया २०१२ साली. तेथील मास्टर्स स्पर्धेत १९८२ पर्यंत खेळाडूंच्या काठ्या वाहावयाच्या त्या मात्र क्लबच्याच, म्हणजे काळ्या, कॅडींनी! खुद्द मॅकेंझीलाही मेहनतान्यासाठी पत्रांतून याचना करावी लागली. पुरते पैसे हाती न पडताच १९३४ च्या जानेवारीत तो वारला. धनिकांनी आपल्या कलावंताचीही अशी बूज राखली.

आपल्याकडे तर प्रश्न पाण्याचाही आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, क्रिकेटचे सामने न्यायालयाने राज्याबाहेर धाडले. गोदावरीच्या पाण्यासाठी नाशिक आणि मराठवाडा यांना एकमेकांविरुद्ध उभे केले जाते. द्राक्षबागा टँकरवर जगवाव्या लागतात. अशा प्रदेशात अठरा होलच्या मैदानासाठी शंभराहून अधिक एकर बारमाही हिरवे ठेवणे, ही कोणत्या निसर्गाची नक्कल? असा प्रस्ताव ज्या गावात येईल तेथील कार्यकर्त्यांनी नकाशावरील हिरव्या रंगाला भुलू नये. उन्हाळ्यातले रोजचे पाणी किती आणि ते कोणत्या विहिरीतून वा धरणातून येणार, याचा लेखी हिशेब ग्रामसभेपुढे मागावा.