शुश्रूषा जोडीदाराची, हक्क नातलगांचा

प्रौढांनी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. एकत्र जगण्यावरचा फौजदारी बडगा त्याने दूर झाला. परंतु दोघांपैकी एकाच्या मृत्यूनंतर मागे राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि अशा जोडप्यांच्या अडचणींचा विचार सरकारी समितीवर सोपविला.

त्यातून निष्पन्न काय झाले? ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांना नॉमिनी नेमण्यास बंदी नाही. मोठेच औदार्य! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ साली विम्याबाबत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत स्पष्ट केले आहे. २०१५ च्या दुरुस्तीने विम्याची रक्कम नॉमिनीच्या मालकीची होऊ लागली खरी, पण तो नॉमिनी आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी असेल तरच.

त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळविले की, जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदारास मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा. म्हणजे वर्षानुवर्षे उशाशी बसणाऱ्याचा हक्क, कधीही न फिरकलेला नातलग दारात येताच संपला.

‘मृत्युपत्र करा, प्रश्न मिटेल’ असे सांगणारे लोक मिळकतदारांची भाषा बोलत असतात. बंगलेवाल्याला वकील मिळतो. कारखान्यातील कामगाराची आयुष्याची पुंजी म्हणजे भविष्य निर्वाह निधी. १९५२ च्या योजनेचा दंडक असा की, सभासदास कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. बाहेरच्याचे नाव रद्दबातल. कुटुंबात आश्रित आई-वडीलही मोडतात. तेव्हा ज्याची वृद्ध आई त्याच्यावर अवलंबून आहे, असा कामगार या निधीतील एक पैही जोडीदाराच्या नावे करू शकत नाही.

शुश्रूषा हे श्रम आहेत. ते विकत घ्यावयाचे तर रोज मजुरी मोजावी लागते. सार्वजनिक रुग्णालये अपुरी ठेवणारे शासन या फुकट श्रमांवर निर्धास्तपणे विसंबते आणि श्रम करणाऱ्याला मात्र ओळख देत नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणूनच मानत नाही, त्याची मांडणी अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली केली. हक्क नाकारलेले ते दुःख आपल्या चाळींतही आहे. त्याला ना सुतक, ना सांत्वन, ना रजा.

‘आधी भाकरी, मग हे चोचले’ असे चळवळीतीलच काहीजण म्हणतात. पण भविष्य निर्वाह निधी ही भाकरी नव्हे काय? एकेकाळी स्त्री-कामगारांच्या प्रसूती रजेलाही चोचलेच म्हटले जात होते. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात एक कलम घालावे : निधी, निवृत्तिवेतन, रुग्णालयातील संमती आणि अंत्यसंस्कार या चारही बाबतींत कामगार ज्याचे नाव लिहून देईल, तोच त्याचा आप्त. जातीबाहेर लग्न केल्याने घरच्यांनी तोडलेल्यांना आणि एकाकी वृद्धांनाही हे कलम तितकेच उपयोगी पडेल. रक्त आणि मिळकत यांपलीकडे माणसाचे नाते मानणे, हा तर समाजवादाचा पहिला धडा आहे.